मालवण सागरी अभयारण्य

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सागरी जीवांचे संरक्षित क्षेत्र. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी. त्यापैकी सु. ३.१८ चौ. किमी. गाभा क्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व लगतचे पाण्याखालील खडक येतात.

येथे लक्षद्वीपप्रमाणे विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाहीत. उथळ पाण्यातील खडकांवर प्रवाळांच्या वसाहती विखुरलेल्या आढळतात. प्रवाळांना अन्नाचा मोठा भाग त्यांच्या ऊतकांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांकडून मिळतो. त्यामुळे त्यांना स्वच्छ व प्रकाशयुक्त पाणी आवश्यक असते. वसाहतींच्या कपारींत मासे, खेकडे, शेवंड इ. प्राणी आश्रय घेतात.

व्यापारी मासेमारीतील जाळ्यांचा उपद्रव निरनिराळ्या प्रकारे होतो. ट्रॉल जाळे तळावरून ओढले जात असल्याने तळाचे स्थिर प्राणी उखडले जातात. खडकाळ भाग टाळला, तरी ढवळलेला गाळ प्रवाळांवर बसू शकतो. पर्ससीन जाळे माशांच्या थव्याला वेढते व तळाची दोरी आवळताच थैलीसारखे मिटते. त्यामुळे तारली, बांगडा यांसारख्या माशांचे संपूर्ण थवे एकाच वेळी काढले जातात. खडकांत अडकून तुटलेली नायलॉनची जाळी कुजत नाहीत. त्यांत मासे व कासवे गुंतून मरतात.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्याच्या जलधिक्षेत्रातील, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंतच्या, मासेमारीचे नियमन होते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीचे क्षेत्र व हंगाम मर्यादित करण्यात आले. प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये वन्य जीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला.

तथापि, केवळ सीमारेषेने संरक्षण साधत नाही. उपजीविका जाईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला. किनाऱ्यावरून सामूहिकपणे रापण ओढणारे व छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे हेच लोक पर्ससीन नौकांच्या अतिक्रमणाविरुद्धही लढत आले आहेत. माशांचे थवे टिकणे ही त्यांची निकड आहे. प्रवाळपरिसर टिकण्यासही तेच उपकारक आहे. पारंपरिक मासेमारी व यांत्रिक नौकांची मासेमारी यांना एकाच मापाने मोजल्यास अभयारण्य आपले नैसर्गिक रखवालदारच गमावते. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या थैलीस चौकोनी आस ठेवून लहान मासे निसटू देण्याचा उपक्रम सिंधुदुर्ग किनाऱ्यावर राबविण्यात आला, तो या दृष्टीने उल्लेखनीय होय.

विजयदुर्गपासून १०० किमी.हून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या पठारावर प्रवाळांची अधिक समृद्ध वस्ती आहे. मात्र ते जलधिक्षेत्राबाहेर असल्याने राज्याचा मासेमारी अधिनियम तेथे लागू होत नाही. त्याच्या रक्षणाची जबाबदारी मुख्यतः केंद्र शासनावर येते.