होडी घ्यायचीय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

पहिली होडी घ्यायला निघालेला माणूस दोनच गोष्टी विचारतो: लांबी किती आणि किंमत किती. तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो आणि तो बऱ्याच जणांना जरा अडचणीचा वाटतो. माझं वजन किती?

चेष्टा नाही, हिशेब आहे. एकाच घाटाच्या दोन शिडाच्या होड्या डोळ्यांसमोर आणा. दुसरी पहिलीच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच. मोठीचं शीड चौपट होतं आणि वारा ते दुप्पट उंचीवर ढकलतो. म्हणजे कलंडवणारा जोर आठपट. पण तिचं वजनही आठपट आणि ते ज्या तरफेनं होडी सावरतं ती दुप्पट लांब, म्हणून सरळ करणारा जोर सोळापट! मोठी गलबतं स्वतःच्या अंगानं उभी राहतात, ती अशी. छोटीला ही चैन नाही. गलबताच्या तळाशी तोल राखायला नीरम भरतात. छोट्या होडीचं नीरम म्हणजे तुम्ही. वारा वाढला की वाऱ्याकडच्या काठावर बसायचं आणि पाठ पाण्यावर टाकून बाहेर झुकायचं.

याच हिशेबात किमतीचंही उत्तर आहे. प्लायवूड, रेझिन, मजुरी हे सगळं वजनामागे धावतं. हातभर जास्त लांबीचा मोह खिशाला हातभरापेक्षा बराच जास्त पडतो.

स्वस्त होडीचा सर्वांत गाजलेला नमुना १९४७ चा. फ्लोरिडातल्या क्लियरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याला मुलांसाठी पन्नास डॉलरच्या आत होईल अशी होडी आखायची होती. प्लायवूडचा तक्ता आठ फुटांचा, म्हणून होडीही आठ फुटांच्या आतच बसवली. टोकदार नाळ करायला जागा उरली नाही, तेव्हा तोंड सरळ कापून टाकलं. दिसायला आंघोळीचा टब. हीच ऑप्टिमिस्ट, आज जगभरची मुलं हिच्यावर शिकतात. लांबी २.३६ मीटर, वजन ३५ किलो. चौथी-पाचवीतलं मूल आत बसलं की माल आणि गाडी एकाच वजनाची! पण ‘नवशिक्यांची होडी’ ही पाटी वाचून ऐंशी किलोच्या गृहस्थांनी ती घेऊ नये. गुडघे हनुवटीला लागतील आणि पाणी काठाला.

मोठ्यांसाठी लेझर पाहा. १९६९ मध्ये ब्रूस कर्बी यांनी फोनवर बोलता बोलता तिचं रेखाटन केलं. ४.२ मीटरचा, ५९ किलोचा सांगाडा एकच, त्याच्यावर ४.७, ५.७६ किंवा ७.०६ चौरस मीटरचं शीड चढतं. कोणतं, ते चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडचे विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरले ते सर्वांत मोठं शीड घेऊन. त्याच स्पर्धांत उतरलेल्या नेत्रा कुमनन यांचं शीड मधलं. होडी तीच.

वजनानंतर रुंदी. पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीचा आधार तिच्या घनाप्रमाणे वाढतो: रुंदी सव्वापट केली की तो जवळजवळ दुप्पट. म्हणून नवशिक्याला पसरट बूड बरं, जरी ते पाणी जास्त घासतं आणि हळू चालतं. कोकणच्या मच्छीमारांनी रुंदीचा हा आधार वेगळ्या रीतीनं मिळवला. त्यांची उलांडी होडी अरुंदच असते, पण बाजूला लांब आडव्या दांड्यांवर एक ओंडका बांधलेला. लाकूड थोडं, रुंदी मोठी, तोल पक्का.

सुतारकामाची हौस असेल तर मिरर. १९६३ मध्ये ‘डेली मिरर’ या ब्रिटिश वर्तमानपत्रानं ती बाजारात आणली, तीही घरी जोडायच्या संचाच्या रूपात. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, शिडं लाल. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे, शिवणीवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. गोधडी शिवता येते त्याला हेही जमावं. वर्तमानपत्रानं वाचकांच्या हाती होडी द्यावी, याचा आम्हा पुरवणीवाल्यांना जरा हेवाच वाटतो. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. आत हवाबंद कप्पे असल्यानं ती उलटली तरी बुडत नाही.

होडी उलटणारच, हे धरूनच चालायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. सकाळी गुणी वाटलेली होडी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात हट्टी होते. पहाटेचा मतलई वारा मंद म्हणून फसवा: तो जमिनीकडून समुद्राकडे ओढतो आणि परतीला शिकाऊ हात थकलेले असतात. लाइफ जॅकेट हा होडीच्याच किमतीचा भाग धरावा.

बहुतेकांची पहिली होडी जुनीच असते. रंगावर जाऊ नका. पाय ठेवाल तिथे तळ दबतो का पाहा, हवाबंद कप्प्याचं झाकण उघडून आत हात घाला आणि मग चौघांनी मिळून ती काट्यावर ठेवा. फायबरच्या दोन थरांमधला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि वाळवूनही ते सगळं सोडत नाही. ५९ किलोची लेझर ७० भरली, तर अकरा किलो पाणी विकायला काढलंय, असं विक्रेत्याला सांगा आणि किमतीचं बोलणं तिथून सुरू करा.