कागदाचं नाव आधी काढायचं नाही

जहरा भागातल्या तैमा वस्तीत दार उघडलं, तरी माझ्याबरोबरची शिक्षिका वही पिशवीतच ठेवते. ती इथलीच, बिदून घरातली. बिदून म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुवेतमध्ये राहूनही कुठलंच नागरिकत्व नसलेली माणसं. आधी तब्येती, मग नातेवाइकांची चौकशी, मग वेलचीची कॉफी. ‘खाला, हा धाकटा कितवीत?’ हे खूप उशिरा येतं. आई म्हणते, ‘पुढच्या वर्षी घालू.’ पोरगा दहाएक वर्षांचा दिसतो. शिक्षिका नुसती मान डोलावते. जन्मदाखला नाही, हे तिला कळलेलं असतं.

वही दिसली की घर गप्प होतं. कागद विचारतो तो सरकारी माणूस, असा इथला अनुभव. 2010 पासून बिदूनांचे कागद एक वेगळी यंत्रणा पाहते. या यंत्रणेने दिलेलं ओळखकार्ड नवं करायला गेलं, तर ‘आम्ही मूळचे दुसऱ्याच देशाचे’ असं लिहून घेतील, ही अनेकांची धास्ती. कार्ड तसंच पडून राहतं आणि अडतं पोरांचं.

सरकारी शाळा थोडे अपवाद सोडले तर 1980च्या दशकातच बिदूनांना बंद झाल्या. 1962च्या संविधानाचं 40वं कलम शिक्षणाचा हक्क देतं ते कुवेती नागरिकांना. उरल्या स्वस्तातल्या खासगी शाळा. 2014 मध्ये जन्मदाखला नसलेल्या मुलांना तिथूनही परत पाठवलं, तेव्हा स्वयंसेवकांनी शिक्षक संघटनेच्या जागेत ‘कतातीब अल-बिदून’ नावाचे वर्ग भरवले. फळा, पुस्तकं, शिकवणारे, हे सगळं जमवता येतं हो! वर्षअखेरीला पोराच्या हाती दाखला म्हणून द्यायचं काय, तिथे घोडं अडतं.

आपल्याकडे 2009च्या शिक्षणहक्क कायद्याचं 14वं कलम सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. तरी ऊसतोडकऱ्यांची पोरं फडावर दिसतातच. पण निदान मुख्याध्यापकापुढे ते पान उघडून भांडता येतं. माझ्याबरोबरच्या शिक्षिकेकडे उघडायला पानच नाही. म्हणून ती माणसं जोडते: फीसाठी थांबणारा एखादा मुख्याध्यापक, फुकट अर्ज लिहून देणारा वकील, आणि मुख्य म्हणजे शेजारणी.

‘शनिवारी वर्गाला पाठवा, कागद नकोत,’ एवढं सांगून ती उठते. वहीतले रकाने भरले जातात ते बाहेर, गाडीत बसून. तोवर त्या आईनेच पुढचं घर सांगितलेलं असतं; तिथे दोन मुली आहेत, थोरली बारा वर्षांची.