एका मताने हुकलेले टिल्डन

जास्त मते मिळूनही अमेरिकेचे अध्यक्षपद हुकते, याचे उदाहरण द्यायचे झाले की अल गोर, हिलरी क्लिंटन आणि सॅम्युअल टिल्डन यांना एकाच माळेत ओवले जाते. गोर आणि क्लिंटन यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त मते होती, पण एकूण मतांच्या निम्मी नव्हती. न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट गव्हर्नर टिल्डन यांना १८७६ मध्ये सुमारे ५१ टक्के मते पडली आणि तरी ते हरले. असे दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेले नाही.

टिल्डन यांनी न्यूयॉर्कच्या भ्रष्ट ‘बॉस’ ट्वीडला एकट्याने लोळवले, ही प्रचारातली गोष्ट. आधी वर्तमानपत्राने ट्वीडच्या लुटीचे हिशेब छापले, थॉमस नास्ट यांच्या व्यंगचित्रांनी रान उठवले. ट्वीडच्याच पक्षाचे टिल्डन उशिरा मैदानात उतरले. मात्र बँकेची खाती तपासून ठेकेदारांचा पैसा ट्वीडच्या खात्यात कसा वळला, हे त्यांनी दाखवून दिले. ते काम अस्सल वकिलाचे.

अध्यक्षपद सुप्रीम कोर्टाने हिरावले, असेही ऐकू येते. विजयाला १८५ निर्वाचक मते लागत होती. टिल्डन यांच्याकडे १८४, रिपब्लिकन रदरफोर्ड हेझ यांच्याकडे १६५ आणि २० वादात. निकाल दिला तो खास नेमलेल्या १५ जणांच्या आयोगाने: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. प्रत्येक वादात कौल ८ विरुद्ध ७, थेट पक्षाच्या रेषेवर, आणि वीसच्या वीस मते हेझ यांना. टिल्डन मात्र ऐन धामधुमीत जुन्या मतमोजण्यांचा इतिहास लिहून काढत बसले होते. मला तर त्यांचा खरा पराभव तिथेच दिसतो.

मग त्यांच्यावर निव्वळ अन्याय झाला का? इथे प्रकरण गुंतागुंतीचे होते. लुईझियानात रिपब्लिकन मोजणी मंडळाने टिल्डन यांची हजारो मते बाद केली, हे खरे. पण दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना मतदानापासून रोखण्यासाठी डेमोक्रॅट समर्थकांनी मारहाण आणि खूनही केले होते. तेव्हा मतपत्रिका पक्षच छापत आणि निरक्षरांसाठी त्यावर चिन्ह असे. डेमोक्रॅटांच्या कित्येक मतपत्रिकांवर रिपब्लिकनांचे चिन्ह, म्हणजे चक्क लिंकन यांचे चित्र छापले होते! निर्भय मतदान झाले असते तर ते ५१ टक्के टिकले असते का, हा प्रश्न टिल्डनभक्त सहसा टाळतात. पुढे १८७८ मध्ये फुटलेल्या सांकेतिक तारांतून मते विकत घेण्याचे बेतही उघड झाले आणि त्यात टिल्डन यांचा भाचा अडकला. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे टिल्डन यांनी शपथेवर सांगितले.

वॉशिंग्टनमधल्या वर्मली हॉटेलात सौदा होऊन हेझ अध्यक्ष झाले, ही समजूतही अर्धीच खरी. ती बैठक झाली २६ फेब्रुवारी १८७७ रोजी. तोवर दक्षिण कॅरोलिना सोडून बाकी सगळ्या राज्यांचा कौल लागला होता. तडजोडींनी साधले ते एवढेच, की काँग्रेसमधली अडवणूक मोडली. किंमत मोजली कृष्णवर्णीयांनी: एप्रिलमध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राजधान्यांतून त्यांना संरक्षण देणारे संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले. हॉटेलचे मालक जेम्स वर्मली स्वतः कृष्णवर्णीय होते.

राहता राहिले ग्रंथालय. न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय टिल्डन यांच्या मृत्युपत्रातून उभे राहिले, असे म्हणतात. १८८६ मध्ये ते वारले, नातेवाईक कोर्टात गेले आणि देशातल्या नामांकित वकिलाचे मृत्युपत्र कोर्टात टिकले नाही. तडजोडीतून हाती आलेला पैसा १८९५ मध्ये ॲस्टर आणि लेनॉक्स ग्रंथालयांच्या जोडीला घातला गेला, तेव्हा कुठे ती संस्था जन्मली.