जुनी बोलेरो-स्कॉर्पिओ घेताय? बैलासारखी पारखून घ्या. इसार देण्याआधी या गोष्टी तपासा

परभणी : सोयाबीन आडतीवर गेलं, कापसाचे पैसे हातात आले की जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. घरात आठ-दहा माणसं, मोठा दवाखाना तालुक्याला नाहीतर परभणीला, आणि पावसाळ्यात शेताकडचा रस्ता सगळा काळ्या मातीचा चिखल. अशा घराला उंच आणि दणकट गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून दहा-पंधरा वर्षं वापरलेली बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो नाहीतर इनोव्हा बघितली जाते. पण घाईत घेतलेली गाडी महिनाभरात गॅरेजला लागली, तर एका हंगामाची कमाई तिथंच जाते.

गाडी घेणारा बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, "कोणतं मॉडेल चांगलं?" जुन्या गाडीच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे : हीच गाडी कोणाकडं होती आणि कशी वापरली? लाल कंधारी बैल घेताना नुसती जात बघून कोणी पैसे मोजत नाही. दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. गाडीचंही तसंच आहे.

मॉडेलचं नाव किती कामाचं?

बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली. सुमो १९९४ पासून होती, ती २०१९ मध्ये बंद झाली. या गाड्या खेड्यात टिकल्या त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांचं काम करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात सापडतो.

तरी एक फरक लक्षात ठेवावा. जुन्या साध्या डीआय इंजिनात इलेक्ट्रॉनिक भाग कमी, त्यामुळं दुरुस्ती सोपी. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल इंजिनाला ओढ चांगली असते, पण त्यात सेन्सर, इंजेक्टर आणि जास्त दाबाचा डिझेल पंप असतो. बिघाड झाला तर तो शोधायला स्कॅनर लागतो आणि पार्ट महाग पडतात. अशी गाडी घेताना स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन तपासावी. बंद झालेल्या मॉडेलचे पार्ट परभणी-नांदेडला मिळतात का, हेही दुकानात आधीच विचारून घ्यावं.

मीटरवर जाऊ नका

"फक्त ऐंशी हजार रनिंग आहे," असं सांगितलं जातं. मीटर मागं फिरवता येतं, पण गाडीवरच्या खुणा सगळ्या पुसता येत नाहीत. क्लच-ब्रेकच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टेअरिंगची कड घासलीय का, चालकाची सीट बसलीय का, ते बघावं. सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर त्यावरचे किलोमीटर जुळवून बघावेत.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालं. नक्षी चांगली दिसली तरी जुनं टायर कडक होतं, त्याला तडे जातात. चारही टायर बदलायचे असतील तर तो खर्च भाव ठरवतानाच धरावा.

गाडी आधी काळी-पिवळी म्हणून किंवा भाड्यानं चालली होती का, हे गावात विचारावं. रोज मर्यादेबाहेर सवाऱ्या भरून चाललेल्या गाडीचे पाटे, क्लच आणि गिअरबॉक्स लवकर थकतात.

इंजिन सकाळी थंड असतानाच बघावं

गाडी बघायला सांगून, वेळ देऊन गेलं तर ती आधीच सुरू करून गरम केलेली असू शकते. गरम इंजिन आपले दोष लपवतं. म्हणून सकाळी जावं आणि आधी बोनेटवर हात ठेवून बघावं. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत यावं.

- पहिल्या सेल्फला गाडी सुरू होते का, की बराच वेळ घुरघुर करते?
- निळसर धूर निघत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर भरपूर असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोकडं बघावं लागेल. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे.
- इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करावं. तिथून जोरात वाफ-धूर बाहेर येत असेल तर त्याला मिस्त्री लोक "बॅक मारतंय" म्हणतात. याचा अर्थ रिंग-पिस्टन झिजलेत आणि इंजिनचं मोठं काम जवळ आलंय.
- ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तवंग असला तर हेड गास्केटची शंका घ्यावी. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडावं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

चेसिस, गंज आणि पुराचं पाणी

इंजिनचं काम पैसे घालून होतं. वाकलेली किंवा सडलेली चेसिस पुन्हा पहिल्यासारखी होणं अवघड असतं. गाडी खड्ड्यावर नाहीतर रॅम्पवर चढवून खालून बघावी. पाटे जिथं चेसिसला जोडलेत तिथं तडा आहे का, वेल्डिंगचे जोड आहेत का, ते टॉर्च लावून तपासावं. काळी माती चेसिसच्या खाचांत चिकटून ओल धरून ठेवते आणि आतून गंज लागतो. खाली नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर जास्त बारकाईनं बघावं. गाडी मागून एका बाजूला झुकलेली असेल तर पाटा बसलेला असू शकतो.

सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत जिल्ह्यासह मराठवाड्यात अनेक ठिकाणी पाणी शिरलं. पाण्यात बुडालेली गाडी धुवून-पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का बघावं. पायाखालची मॅट उचलावी, सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का पाहावं, फ्यूज बॉक्स उघडावा. काचा बंद करून आत बसल्यावर कुबट वास आला तर सावध व्हावं.

अर्धा तास तरी चालवून बघावी

गल्लीत एक चक्कर पुरेशी नाही. घरची चार माणसं बसवून, एसी लावून, चढ आणि खराब रस्ता असलेल्या भागात गाडी न्यावी. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट गेलीय. तापमानाचा काटा वर चढत राहिला तर कूलिंगमध्ये बिघाड आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यातून जाताना समोरून खडखड येते का, स्टेअरिंगला किती प्ले आहे, हे बघावं. फोर-बाय-फोर असेल तर शेतातल्या मातीत ते लावून दाखवायला सांगावं.

कागद आधी, इसार नंतर

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून माहिती बघता येते. त्यात कर्जाचा बोजा, विमा आणि आरसीची मुदत तपासावी. थकलेली चलनं वेगळी बघावीत. आरसीवरचं नाव आणि विकणाऱ्याचं आधार जुळलं पाहिजे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचावेत. नंबरवर घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार तिथंच सोडावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं गाडीची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आहे. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या बदलानुसार १०,००० रुपये. मुदत संपून गेलेली असेल तर उशिराचे दरमहा ५०० रुपये वेगळे. शिवाय पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी लागते, ती बसवलीय का बघावं. म्हणजे चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी वर्षभरात हा खर्च समोर येतो.

दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या कमी भावात इकडं येतात. परराज्यातल्या गाडीला तिथली एनओसी हवी आणि इथं नव्यानं नोंदणी करून कर भरावा लागतो. तो धरून हिशेब करावा.

बॉन्डवर गाडी घेऊ नका

"नाव नंतर लावू, सध्या बॉन्डवर लिहून देतो," हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. कायद्याला बॉन्ड नाही, परिवहन कार्यालयातली नोंद दिसते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. हा धोका विकणाऱ्याचा. घेणाऱ्याचा धोका असा की विमा त्याच्या नावावर नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो आणि गाडी पुढं विकतानाही अडचण येते.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घ्यावी. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यावा. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी.

शेवटचं म्हणजे, हातातले सगळे पैसे गाडीत घालू नयेत. ऑइल, फिल्टर, बेल्ट, ब्रेक, बॅटरी यांसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. आणि विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मिस्त्री सोबत न्यावा. त्याला दिलेली मजुरी वाया जात नाही. थंड गाडी दाखवायला किंवा मिस्त्रीला हात लावू द्यायला विकणारा तयार नसेल, तर तिथून उठून यावं. गाडी दुसरी मिळते. हंगामाचे पैसे मात्र पुढच्या हंगामाशिवाय मिळत नाहीत.