पहाटेचा सेल्फ : उटनूरच्या जुन्या ट्रॅक्टरांची थंडीआधीची मशागत

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरच्या पठारावर पाऊस सरला की सोयाबीन काढायची घाई, लगेच हरभऱ्याची पेरणी आणि त्यातच कापसाची पहिली वेचणी. या धांदलीत ट्रॅक्टर दिवसभर चालतो, इंजिन तापलेलंच असतं आणि चावी फिरवली की सुरू होतं. त्याच्या सेल्फची, बॅटरीची आठवण कोणाला येत नाही. ती येते डिसेंबरात. आदिलाबाद आणि शेजारचा कुमुरम भीम आसिफाबाद हे तेलंगणातले सगळ्यात थंड जिल्हे. काही रात्री इथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. आणि नेमकं याच दिवसांत ट्रॅक्टर पहाटे सुरू व्हावा लागतो, कारण रात्री ट्रॉलीत भरलेला कापूस पन्नासेक किलोमीटरवरच्या आदिलाबादच्या मार्केट यार्डात न्यायचा असतो. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं, त्यापुढे भाव कापतं आणि 12 टक्क्यांच्या वर मालच घेत नाही. सुरू न झालेल्या ट्रॅक्टरमागे दवात उभी राहिलेली ट्रॉली म्हणजे थेट पैशाचं नुकसान आहे.

किनवट-माहूरपासून उटनूर-नारनूरपर्यंत, महाराष्ट्र-तेलंगणा सीमेच्या दोन्ही बाजूंना, दोन-तीन मालक बदललेले ट्रॅक्टर अजून कामात दिसतात. महिंद्राचा बी-275 घ्या. 1963 साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून जी कंपनी उभी केली, तिचा हा पहिला ट्रॅक्टर. मद्रासच्या टॅफेचा मॅसी 1035, पिंजोरच्या एचएमटीचा झेटर वंशाचा 2511, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आराखडा तयार होऊन 1974 साली पंजाबात बाजारात आलेला स्वराज 724 ही त्याच पिढीची भावंडं. यांच्यात संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने उघडता येतं. म्हणूनच त्यांची थंडीआधीची देखभाल गावात, झाडाखाली होऊ शकते. माझ्या मते ती दसरा ते दिवाळी या वीस दिवसांतच व्हायला हवी. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा केलेला असतो, आणि दिवाळीच्या सुमारास गोंड गावांत दंडारीचे नाच सुरू झाले की आठवडाभर कोणी पान्याला हात लावत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, पण त्याचा अर्थ कित्येकदा लक्षात घेतला जात नाही. 1950 च्या आसपासच्या पेट्रोल-रॉकेलवरच्या फर्ग्युसनला कॉइल, पॉइंट आणि स्पार्क प्लग लागत. डिझेलमध्ये पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा 500 अंशांच्या पुढे तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेटतो. म्हणजे या ट्रॅक्टरचं इग्निशन म्हणजे उष्णता. बॅटरी, वायर, सेल्फ, रिंगा, नोझल हे सगळे दोन-तीन सेकंदांत ती उष्णता निर्माण करण्यासाठी आहेत. थंडीत लोखंड गार असतं, दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरची भिंतच ओढून घेते. त्यात सेल्फ मंद फिरला तर हवा रिंगांजवळून निसटायला वेळ मिळतो आणि दाबही पडतो. फिरण्याचा वेग थोडा कमी झाला की पेटण्याची शक्यता फार कमी होते.

म्हणून मुरलेला मिस्त्री बॅटरीकडे नंतर बघतो. ‘‘पाटील, आधी अर्थ बघू, बॅटरी कुठे पळून जात नाही,’’ असं म्हणत तो टपाखाली वाकतो. अर्थ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसीपर्यंत जाणारी विणलेली तांब्याची पट्टी. तिचा बोल्ट रंगावर, गंजावर, मातीवर कसलेला असतो. सेल्फ फिरताना दोनशे ॲम्पियरहून जास्त करंट ओढतो. वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा विरोध असला, तरी दोनशे ॲम्पियरला दोन व्होल्ट तिथेच जळून जातात. 12 व्होल्टांतले दोन गेले, थंडीने बॅटरीची ताकद आणखी घटवली, की सेल्फ कण्हतो. मालक मात्र बॅटरी गेली म्हणून नवी घेऊन येतो. तिच्यावर महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. सातशे-आठशेच्या केबलने आणि सँडपेपरने निघणारं काम हजारोंच्या बॅटरीवर ढकललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासायची रीत सोपी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थच्या खांबावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरायची, डिझेल बंद ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टाच्या पुढे गेला तर अर्थची वाट खराब. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूने सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत बघायचं. मग टर्मिनल सोडायचे, नेहमी अर्थचं टोक आधी काढायचं आणि शेवटी बसवायचं, नाहीतर पाना चेसीला लागून ठिणगी उडते. त्यावरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यातल्या खायच्या सोड्याने फसफसवून धुवायची. ॲसिडचा तो अंश निघाला की ब्रशने चमक आणायची, कसायचं, वरून व्हॅसलिन. एक सावधगिरी मात्र हवी : ब्रिटिश बनावटीच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांना पॉझिटिव्ह अर्थ असतो. एखाद्याने मधल्या काळात वायरिंग उलटवलं असेल तर नव्या मालकाला कळत नाही. वायर हलवण्याआधी कुठला खांब चेसीला जोडलेला आहे, ते बघून रंगाने लिहून ठेवावं.

बॅटरीची परीक्षा हायड्रोमीटरने. भरलेल्या सेलमध्ये तो 1.260 ते 1.280 दाखवतो. 1.200 च्या खाली गेला तर आधी चार्जिंग. पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सहा सेलांचे आकडे एकमेकांशी ताडून बघणं. पाच सेल 1.260 आणि एकच 1.180 दाखवत असेल, तर तो सेल मेला, बॅटरी आता सावरत नाही. प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. टाकायचं ते डिस्टिल वॉटरच. बोअरचं पाणी क्षार आणून प्लेटा खाऊन टाकतं.

सेल्फ उघडला की आर्मेचरचा कॉम्युटेटर बघावा. कार्बन ब्रश झिजून आखूड झाले असतील, त्यांच्या स्प्रिंगांचा जोर गेला असेल, तर ते बदलायला वेळ लागत नाही. पुढच्या बुशात खेळ आला असेल तर आर्मेचर फील्डला घासतो, वास येतो आणि सेल्फ जड फिरतो. हा आवाज ओळखणारा मिस्त्री हाताशी असणं हीच मोठी गोष्ट. सोलेनॉइड नुसता ‘‘टक्’’ करत असेल, तर त्याच्या आतल्या तांब्याच्या चकत्या बहुधा जळालेल्या असतात.

मग येतो हिटर. जुन्या बी-275 मध्ये चार हिटर प्लग एकापाठोपाठ एकाच वाटेने जोडलेले असतात, आणि डॅशबोर्डवर एक छोटी तार लाल होते. चारांतला एक जरी तुटला तरी चौघेही थंड, ती तारही काळी. म्हणून बटण दाबल्यावर ती तार पेटते का, हे थंडीआधी एकदा बघून घ्यावं. अर्ध्या मिनिटाने ती लाल झाली नाही, तर तुटलेला प्लग शोधावा. पर्किन्स जातीच्या काही तीन सिलिंडरच्या इंजिनांत हिटर वेगळ्या धाटणीचा असतो. हवा आत जाते त्या नळीत थर्मोस्टार्ट बसवलेला असतो, त्याच्या तापलेल्या तारेवर डिझेलचे थेंब पडून ज्योत निघते आणि आत येणारी हवा गरम होते. त्याच्या बारीक नळीत हवा असली तर तो कोरडाच तापतो. पुढच्या थेट इंजेक्शनच्या कित्येक इंजिनांना हिटर लागत नाही, म्हणूनच तिथे दाब आणि नोझल नीट असणं आणखी गरजेचं.

डिझेलकडे या भागात फार कमी लक्ष जातं. भारतीय मानकात उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या डिझेलची घट्ट होण्याची मर्यादा वेगवेगळी आहे. गाळणीतून डिझेल जाणं बंद होण्याचं तापमान उन्हाळ्याच्या डिझेलसाठी 18 अंशांपर्यंत चालतं, हिवाळ्याच्यासाठी फक्त 6 अंश. म्हणजे मे महिन्यात कॅनमध्ये भरून ठेवलेलं डिझेल डिसेंबरात वापरलं, तर पाच-सहा अंशांच्या पहाटे त्यातलं मेण फिल्टरवर साचू शकतं. दिवाळीआधी टाकीच्या तळचं पाणी काढावं, फिल्टर बदलावा आणि थंडीत पंपावरचं ताजं डिझेल घालावं. फिल्टर बदलल्यावर इंजेक्शन पंपाची हवा काढायची, हे मायकोचा पंप हाताळणाऱ्याला सांगायला नको. ऑइलही दाट घालू नये. मॅन्युअलमध्ये 20डब्ल्यू-40 लिहिलं असेल तर जास्त चांगलं म्हणून जाड ऑइल घातलं की सेल्फवरचं ओझं वाढतं.

दोन सवयी मात्र सोडाव्यात असं मी आग्रहाने म्हणेन. हवेच्या फिल्टरजवळ पेट्रोलचा बोळा धरून इंजिन पेटवणं, आणि ऑइलच्या चेंबरखाली गोवऱ्यांचा विस्तव करणं. पहिल्याने पिस्टन वर येण्याआधीच पेट घेतला जातो, रिंगा तुटतात, सवय लागली की ट्रॅक्टर त्याच्याशिवाय उठेनासा होतो. दुसऱ्याने वायर आणि डिझेलच्या नळ्यांसमोर जाळ नेला जातो. त्यापेक्षा रेडिएटरमध्ये सोसवेल इतकं गरम पाणी ओतावं, हिटर धरावा, आणि सेल्फ दहा सेकंदांहून जास्त न मारता मध्ये अर्धा मिनिट थांबावं. ट्रॅक्टर उतारावर तोंड करून उभा करणं ही चांगली तरतूद आहे, पण उतार हे बॅटरीचं औषध नाही.

शेवटचं काम डायनॅमोचं, कारण पहाटे खर्चलेली वीज त्यालाच परत भरायची असते. पट्ट्यावर अंगठा दाबला की साधारण एक ते दीड सेंटीमीटर खाली जावा. घसरत असेल तर कसावा, चिरला असेल तर बदलावा. इंजिन मध्यम वेगावर असताना बॅटरीच्या खांबावर 14 व्होल्टांच्या आसपास दिसायला हवेत. साडेतेराच्या खाली दिसले तर ब्रश, कटआउट किंवा रेग्युलेटर यांपैकी एकात दोष आहे. रात्रीच्या दिव्यांसकट आदिलाबादचा एक फेरा होतो, पण डायनॅमो चार्ज देत नसेल तर परतताना बॅटरी जाताना होती त्याहून रिकामी असते, आणि दुसऱ्या दिवशीची पहाट तिच्यावरच काढायची असते. पौषात केसलापूरच्या नागोबा जत्रेला माणसांनी भरलेल्या ट्रॉल्या घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी तर हा पट्टा आणि ते 14 व्होल्ट दिवाळीच्या आधीच बघून ठेवावेत.