बाइकचा टायर घरी बदलता येतो? बॅलन्सिंग कसे करतात? समजून घ्या

पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानांपुढे बाइकची रांग लागते. गेल्या मे महिन्यात त्या रांगेत मीही होतो. १५० सीसी बाइकचा पुढचा टायर वीस मिनिटांत बदलून मिळाला. दोन दिवसांनी महामार्गावर वेग ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेला आणि हँडल थरथरू लागले. घरी येऊन पाहिले, तर टायरच्या कडेवरचा बाण उलट्या दिशेला होता. दुकानात विचारले तर 'काही फरक पडत नाही' असे उत्तर मिळाले.

मग एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच टायर काढला, सुलटा केला आणि चाक बॅलन्स केले. सकाळ गेली, दोन बोटांची सालटी निघाली, पण थरथर थांबली. थरथरीचे कारण मात्र बाण नव्हता. ते पुढे येईलच.

टायर बदलायची वेळ झाली, हे कसे ओळखाल?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचा किमान ०.८ मिलिमीटर खोल हव्यात. ते मोजायला वेगळे साधन लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की तो बदलायलाच हवा. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो, पण ओल्या रस्त्यावर खाचांमधून पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही.

नवा टायर घेताना कडेवरचा चार आकडी कोडही वाचा. '१४२५' म्हणजे २०२५ च्या १४ व्या आठवड्यात बनलेला टायर. टायरच्या कडेवर मापही असते. उदाहरणार्थ १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. माप कंपनीने दिलेलेच ठेवा.

बॅलन्सिंग म्हणजे नेमके काय?

कोणतेच चाक सगळीकडून सारख्या वजनाचे नसते. व्हॉल्व्हपाशी थोडे वजन जास्त असते, टायरचे रबरही कुठे जाड तर कुठे पातळ असते. चाक फिरू लागले की जड बाजू चाकाला बाहेर ओढते.

हा ओढा किती असतो? १७ इंची रिमवर एका बाजूला फक्त २० ग्रॅम जास्त आहेत, असे धरून गणित मांडले. ताशी ४० किलोमीटरला ओढा साधारण अर्धा किलो वजनाएवढा येतो. वेग दुप्पट म्हणजे ८० केला, की ओढा चौपट होऊन सव्वादोन किलोच्या पुढे जातो. त्या वेगात चाक सेकंदाला ११ ते १२ वेळा फिरते. म्हणजे तितक्या वेळा हा हिसका वर, पुढे, खाली, मागे असा फिरत राहतो. गावात न जाणवणारी थरथर महामार्गावर का जाणवते, त्याचे हे उत्तर.

कारचे चाक रुंद असते, म्हणून त्याला आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा तोल मशीनवर वेगवेगळा पाहावा लागतो. बाइकचे चाक अरुंद असल्याने बहुतेक वेळा साधा तोल पुरतो. तो दाखवायला गुरुत्वाकर्षण पुरेसे आहे.

साहित्य काय लागते?

टायर काढायच्या दोन-तीन पट्ट्या म्हणजे लिव्हर, ॲक्सलच्या मापाचे पाने, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, साबणाचे पाणी, लाकडाचे दोन ठोकळे, हवेचा दाब मोजायचा गेज आणि चिकटवायची ५-५ ग्रॅमची वजने. नट ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पानाही हवा. तो महाग असतो, ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणा.

टायर काढायचा कसा?

१. चाक जमिनीवर असतानाच ॲक्सलचा नट थोडा ढिला करा. नंतर बाइक मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर चाक काढायला जाऊ नका.

२. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. ॲक्सलवरचे बुश आणि वायसर कोणत्या बाजूला, कोणत्या क्रमाने होते, हे नंतर हमखास आठवत नाही.

३. चाक बाहेर असताना डिस्क ब्रेक दाबू नका. ब्रेक पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

४. पिन काढून सगळी हवा सोडा. आता टायरची कड रिमपासून सुटी करायची. हेच सर्वांत चिवट काम. पायाने दाबून सुटली नाही, तर मोठा सी-क्लॅम्प वापरा. डिस्क प्लेटवर भार येऊ देऊ नका. चाक ठोकळ्यांवर असे ठेवा, की प्लेट अधांतरी राहील.

५. कडेला साबणाचे पाणी लावा आणि पट्टीने थोडी थोडी कड वर काढा.

इथेच बहुतेकांची दमछाक होते. रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. तुम्ही एका बाजूने कड उचलत असाल, तेव्हा समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात उतरवा. तेवढ्याने टायरला ढील मिळते आणि हाताला जोर कमी लागतो. जास्त जोर लागतोय असे वाटले, तर ताकद वाढवू नका. समोरची कड वर सरकली आहे का, ते पाहा.

नवा टायर चढवताना

टायर अर्धा तास उन्हात ठेवला तर मऊ पडतो. कडेवरचा बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेला हवा, कारण खाचांची रचना त्या दिशेचा विचार करूनच केलेली असते. काही टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सर्वांत हलकी बाजू. ती व्हॉल्व्हशेजारी आणा, म्हणजे निम्मे बॅलन्सिंग तिथेच होते.

आऱ्यांच्या चाकात सहसा ट्यूब असते. ती घालण्याआधी तिच्यात आकार येण्यापुरती हवा भरा, नाहीतर पट्टीखाली चिमटून नवी ट्यूब पंक्चर होते. ट्यूबलेस टायरची कड रिमवर बसवायला हवेचा एकदम झोत लागतो. हातपंपाने ते सहसा जमत नाही, कॉम्प्रेसर लागतो. 'टक' असा आवाज येऊन कड बसते. टायरवर छापलेला कमाल दाब ओलांडू नका. साधारण ४० पीएसआयलाही कड बसली नाही, तर हवा सोडून पुन्हा साबणाचे पाणी लावा. ज्वलनशील स्प्रे मारून पेटवण्याचे व्हिडिओ दिसतात. तो प्रकार चुकूनही करू नका.

घरी बॅलन्सिंग असे करा

सारख्या उंचीची दोन स्टुले घ्या. चाकात ॲक्सल घालून त्याची दोन टोके स्टुलांवर टेकवा. मोबाइलमधल्या लेव्हल ॲपने ॲक्सल आडवा सरळ आहे का, ते पाहा. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची प्लेट काढून ठेवा. बेअरिंग अडखळत असेल तर आधी ते बदला.

चाक हलकेच फिरवून सोडा. ते झुलत झुलत थांबेल, तेव्हा जड बाजू खाली असेल. बरोबर वरच्या बिंदूवर खडूने खूण करा. तीन-चार वेळा फिरवून बघा. प्रत्येक वेळी तीच खूण वर आली, तर तिथे ५ ग्रॅमचे वजन आधी टेपने लावा. आता खूण घड्याळातल्या ३ वर आणि मग ९ वर आणून चाक सोडा. खूण वर जात असेल तर वजन वाढवा, खाली येत असेल तर कमी करा. चाक सोडाल तिथेच थांबू लागले, की काम झाले. रिम पुसून कोरडी करा आणि वजन पक्के चिकटवा.

माझ्या चाकात दर वेळी व्हॉल्व्हच खाली येत होता आणि तोल साधायला समोर २० ग्रॅम लागत होते. टायरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला बसवलेला होता. टायर सुलटा करताना ठिपका व्हॉल्व्हपाशी आणला आणि पुन्हा मोजले. आता फक्त ५ ग्रॅम पुरले. हँडल थरथरण्याचे कारण हे होते.

खरा धोका कुठे आहे?

टायर चुकीचा चढला तर बहुतेक वेळा तो बाइक सुरू करण्याआधीच हवा सोडून सांगतो. चाक चुकीचे बसले तर ते धावत्या बाइकवर कळते. म्हणून शेवटची पंधरा मिनिटे घाई नको.

• ॲक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला.
• मागच्या ड्रम ब्रेकची टॉर्क रॉड जोडली का, दोनदा पाहा. ती सुटी राहिली तर ब्रेक दाबताच ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरू शकते.
• चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे ठेवा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरके बसते.
• एबीएस असेल तर सेन्सर आणि त्याची वायर जागेवर आहे का, ते तपासा.
• निघण्याआधी डिस्क ब्रेक कडक लागेपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला तो पोकळ जातो.
• नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभरेक किलोमीटर जोरात ब्रेक आणि तिरकी वळणे टाळा.

मग दुकानात जायचेच नाही का?

तसे नाही. रिम वाकलेली असेल, ॲलॉयला तडा असेल, आरे तुटले असतील किंवा मोठ्या बाइकचा रुंद, कडक टायर असेल, तर काम दुकानातच करा. तीन वर्षांतून एकदा टायर बदलणाऱ्याने सगळी अवजारे विकत घेणेही परवडणारे नाही.

पण दुकानात गेलात तरी बाणाची दिशा, पिवळा ठिपका आणि बनावटीची तारीख या तीन गोष्टी टायर चढण्याआधी बघा, आणि बॅलन्सिंग करून मिळते का, ते विचारा. मिळत नसेल तर घरी दोन स्टुले आहेतच.