जिल्हा मोजावा की गाव? बेळगावची घडण आणि सीमावादाचे मूळ

चोर्ला घाट उतरून रोज गोव्यात येणारी भाजी ज्या बेळगाव जिल्ह्यातून येते, त्याचा खरा विस्तार गोमंतकीयांच्या सहसा ध्यानी येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार आणि क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर. दोन्ही बाबतींत गोव्याच्या तिपटीहून अधिक. विधानसभेचे १८ मतदारसंघ या एका जिल्ह्यात आहेत. खानापूर आणि कित्तूरचे मतदार तर लोकसभेसाठी शेजारच्या उत्तर कन्नड मतदारसंघात मत देतात.

हा प्रदेश मुळात एकसंध नव्हता. खानापूर तालुक्यातील हळशी ही गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी. तेराव्या शतकाच्या आरंभी सौंदत्तीच्या रट्टांनी आपली राजधानी वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास हलवली. किल्ल्यातील कमल बस्ती त्याच काळातील. पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख इंग्रजांनी धारवाडला जोडला आणि १८३६ मध्ये बेळगावचा स्वतंत्र जिल्हा केला. तरीही मध्ये मध्ये संस्थानी मुलूख राहिलाच. आज बेळगाव शहरापासून वेगळे न ओळखू येणारे शहापूर सांगली संस्थानचे होते, तर पूर्वेकडील रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान होते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, तेव्हा कुठे जिल्ह्याचा नकाशा सलग झाला.

तो सलग झाला आणि लगेच वादात सापडला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातील हा जिल्हा म्हैसूरला देण्यात आला. एकटा चंदगड तालुका वगळून कोल्हापूरला जोडला गेला. गोवा त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. भाषा पाहून एक तालुका वेगळा काढता येतो, तर खानापूर का नाही, निपाणी का नाही, हा सीमाभागातील मराठी माणसाचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

वादाचे मूळ मोजण्याच्या एककात आहे. जिल्हा धरला तर कन्नड भाषक सुमारे दोन तृतीयांश आणि मराठी भाषक पाचव्या हिश्शाहून थोडे कमी. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग हा पूर्वेचा पट्टा कन्नडच आहे. तालुका धरला तर खानापुरात मराठी भाषक अधिक. गाव हे एकक मानले, की नकाशा आणखी बदलतो. महाराष्ट्राचा आग्रह गावाचा: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या. आंध्र-मद्रास सीमेसाठी वापरलेले हे पाटसकर सूत्र. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, अशी शिफारस केली. ८१४ गावे मागणाऱ्या महाराष्ट्राने ती फेटाळली. २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

जिल्हा एवढा मोठा का ठेवला, याचे उत्तरही याच गणितात सापडते. १९९७ मध्ये जे. एच. पटेल सरकारने चिकोडी आणि गोकाक हे वेगळे जिल्हे जाहीर केले व विरोध होताच मागे घेतले. पूर्व आणि उत्तरेचे तालुके गेल्यास उरलेल्या बेळगावात मराठीचे प्रमाण वाढेल, ही भीती विरोधामागे होती. त्यानंतर निपाणी, कागवाड, मुडलगी, कित्तूर असे तालुके नवे झाले. जिल्हा मात्र तेवढाच राहिला. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

गोव्याचा संबंध येतो तो पुन्हा खानापुरातच. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातील म्हादई पश्चिमेला वळून मांडवी होते. २०१८ च्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यातील ३.९ टीएमसी कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळवण्यासाठी आहे, आणि त्या निवाड्याला गोव्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाच तालुक्याच्या जमिनीसाठी महाराष्ट्र आणि पाण्यासाठी गोवा, असे दोघेही त्याच न्यायालयाच्या दारात गेले आहेत.